बाबांचं नाव पुकारलं तेव्हा

प्रिय फेलेती,

बाबांना माती देऊन तुम्ही सिडनीला परतलात आणि घर एकदम ओकंबोकं झालं. मावशी रोज उकडलेला तारोचा कंद घेऊन येते आणि समोर बसून म्हणते, "खा गं, तोंड बघ आरशात." काळे कपडे आणि कमरेला गुंडाळलेली शोकाची चटई मी अजून उतरवलेली नाही, तशीच कामावर जाते. हॉस्पिटलात लोक हळूच बाजूला होऊन मला वाट देतात. बाबांना दिली असती तर बरं झालं असतं.

चर्चमध्ये तू फार छान बोललास. सगळे रडले. पण "वेळ झाली आणि देवानं बोलावलं" म्हणालास, ते माझ्या गळी उतरलं नाही. देवाच्या आधी हॉस्पिटलानं बोलावलं होतं, आणि ते कसं, हे तुला कुणी सांगितलेलं नाही.

आपल्या बेटांवरून या देशात आलेल्या माणसांनी हॉस्पिटलात कुठल्या खिडकीशी काय विचारायचं, तारीख हुकली तर कुणाच्या मागे लागायचं, हे सांगण्याचाच मला पगार मिळतो. बाबांना आतड्याच्या तपासणीसाठी बोलावलं तेव्हा माझी वरिष्ठ, हेदर, म्हणाली, "घरचा पेशंट घेता येत नाही, लेसिएली. नियम आहे. त्यांना दुसरं कुणीतरी मिळेल." ते दुसरं कुणीतरी बाळंतपणाच्या रजेवर होतं, आणि तिच्या जागी कुणाला नेमलंच नव्हतं. मी सुट्टी मागितली, तीही मिळाली नाही. बाबा म्हणाले, "मी काय कुकुलं बाळ आहे? तू तुझं काम कर." आणि चर्चचा कोट घालून एकटेच गेले.

नर्सनं "मिस्टर नगॅलो" असं पुकारलं. आपलं आडनाव ङालू. बाबांना वाटलं, कुणी दुसराच माणूस असेल. ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले, सफाईवाली खुर्च्या पुसायला येईपर्यंत. त्या वेळी मी वरच्याच मजल्यावर एका सामोअन आजीला सांगत होते, "आजी, नाव नीट कळलं नाही तर सरळ उठून विचारायचं, लाजायचं नाही." घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "त्यांना फार काम असतं गं. आज जमलं नाही." हॉस्पिटलात मात्र 'पेशंट आला नाही' अशी नोंद झाली आणि त्यांना यादीतून काढून टाकलं. पुन्हा आपल्या नेहमीच्या डॉक्टरच्या चिठ्ठीपासून सुरुवात. मी किती जणांशी भांडले ते सांगत बसत नाही. नवी तारीख आली तेव्हा हिवाळा सरला होता आणि आतड्यातलं दुखणं यकृतापर्यंत पोचलं होतं.

तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" आणि बाबा म्हणाले, "चुकलं, डॉक्टर. माफ करा." फेलेती, त्यांनी माफी मागितली. मी शेजारीच बसले होते. शौचावाटे रक्त जातंय हे त्यांनी माझ्यापासून वर्षभर लपवलं होतं, कारण मुलीला असलं कसं सांगायचं.

आपल्यात भावाबहिणींनीही असलं बोलायचं नसतं, म्हणूनच फोन न करता लिहिते आहे. काल तुझ्या बायकोचा, फूसीचा फोन आला. ती रडत होती. तुलाही रक्त जातं, आणि तू 'मूळव्याध आहे' म्हणून तिला गप्प बसवतोस. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, तुला वाचताना वाटेल. वाटू दे. उद्या डॉक्टरकडे जा, फूसीला बरोबर ने. वडील आतड्याच्या कॅन्सरनं गेले, हे पहिल्याच वाक्यात सांग. थांबा म्हणाले तर हसून मान डोलावू नकोस, भांड. आपल्यात थोरल्या बहिणीचा शब्द भाऊ मोडत नाही. तो मान मी आजवर कधी वापरला नाही. आज वापरते आहे.

तुझीच,
लेसिएली