रन-फ्लॅट की साधे?

माणिकपूर, वसई
रविवार, सकाळची मिस्सा आटोपल्यावर

प्रिय व्हिव्हियन,

तुझा मेसेज मिळाला. मिळून नऊ दिवस झाले. 'पप्पा, गाडीला टायर घ्यायचेत. रन-फ्लॅट घेऊ की साधे?' एवढाच, आणि खाली त्या लाल गाडीचा फोटो. एक वर्ष दहा महिन्यांनी तू मला पहिल्यांदा काहीतरी विचारलंस. नाताळ, ईस्टर आणि माझा वाढदिवस, हे मेसेज मी धरत नाही. त्यात फुलं असतात, मेणबत्त्या असतात, तू कुठे नसतेस. मी लगेच उत्तर टाईप करायला बसलो, पण बोटं चालेनात. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. तुला तिकडे 'टायपिंग' दिसत राहिलं असेल आणि तू म्हणाली असशील, म्हाताऱ्याला झालंय तरी काय! अगं, एका शब्दात उत्तर देता आलं असतं. मी 'साधे' म्हटलं असतं, तू अंगठा पाठवला असतास, की झालं, आपलं बोलणं पुन्हा बंद. ते मला नकोय, म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नकोस.

आधी गाडीबद्दल. झकास आहे. खोटं कशाला बोलू, टायरवाल्याची पोरगी असली गाडी घेते म्हटल्यावर छाती फुगलीच माझी. सेकंड हॅण्ड आहे म्हणून लाजायचं काही कारण नाही, फक्त मागच्या मालकाने आपटली नाही ना ते खालून बघून घे. फोटो शत्रुघ्नला दाखवला. तोच आपला, बावीस वर्षं माझ्या दुकानात टायर काढतोय-घालतोय, तू तिसरीत असताना तुला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडायचा. त्याने चष्मा कपाळावर चढवून फोटो मोठा केला आणि पहिली गोष्ट काय बोलावी? ही आपल्या गल्लीत शिरली तर पोट घासेल. दुसरी गोष्ट, शेठ, ह्याच्यात दोनच सीट आहेत. जसा काही मी आंधळा! दोन सीट म्हणजे एक तू आणि एक आणखी कोणीतरी. तो कोण, असं मी विचारत नाहीये. तुझी सालोमी आंटी विचारणार आहे, तिची तयारी ठेव.

आता टायर. माझ्या दुकानात गिऱ्हाईक टायर मागतं तेव्हा मी टायर काढून दाखवत नाही, आधी विचारतो, गाडी चालवणार कुठे? तुलाही तेच विचारतो. पुण्यात ऑफिसला जायचं आणि सुट्टीच्या दिवशी एक्स्प्रेस वेवर उडवायची, तर हिशेब वेगळा. पण तू वसईला येणार असशील, तर महामार्ग सोडून गोखिवऱ्याकडे वळलीस की रस्ता कसा आहे ते तुला सांगायला नको. रन-फ्लॅटची बाजूची भिंत जाड आणि कडक असते, आत रबराचा जादा थर देतात. त्यामुळे हवा गेली तरी तो बसत नाही, गाडीचं वजन त्या भिंतीवर उभं राहतं आणि ऐंशीच्या वेगाने साधारण ऐंशी किलोमीटर तू जाऊ शकतेस. पण तोच कडकपणा एरवी खड्ड्याचा दणका सरळ कमरेत पोचवतो. साधा टायर दणका स्वतः खातो. वळणावर रस्त्याची पकड कशी आहे ते तुझ्या हातांना कळतं. असली गाडी माणूस त्याच सुखासाठी घेतो ना! शिवाय साध्याला पंक्चर झालं तर गावोगावचा कुठलाही पोरगा काढून देईल. रन-फ्लॅट एकदा बिनहवेचा पळवला की आतून रबराचा भुगा होतो, बाहेरून मात्र नव्यासारखा दिसतो. मी असे टायर दुरुस्त करत नाही, कोणी कितीही गयावया केली तरी. तुझ्या गाडीत स्टेपनीला जागाच नसेल, एक पंप आणि पंक्चर बुजवायच्या डिंकाची बाटली दिली असेल. तरीही माझं मत लहानपणापासून ऐकत आलीस तेच. मला ते रन-फ्लॅट आवडत नाहीत. आत हवा नाही आणि चालवणाऱ्याला पत्ता नाही, समोर डॅशबोर्डवरचा दिवा लागेल तेव्हा कळणार. हा काय टायर झाला? हे मी शेकडो लोकांना ऐकवलंय आणि साधे टायर विकलेत.

म्हणजे उत्तर झालं की नाही? पान संपायला आलंय आणि मला उठवत नाही. घरात तसं उठून करायचं काही नसतं. बुधवारी सालोमी आंटी पाचूबंदरहून येताना मासळी आणते, कालवण करून देते, ते मी गुरुवारी खातो, शुक्रवारीही खातो. शनिवारी पाव आणि अंडं. टीव्ही सकाळीच लावतो. बघत नाही, आवाज असावा म्हणून. फ्रिजच्या दारावर मम्मीच्या अक्षरातली यादी अजून आहे, त्यात चहापूड आणि माचिस आहे. काढायला हवी, धीर होत नाही. रविवारी मिस्सा झाली की लोक चर्चसमोर घोळक्याने उभे राहतात, मीही राहतो. मग एकेकाला हाक येते, बायको हाक मारते, नातू हात ओढतो, आणि घोळका संपतो. त्यानंतर मी गोखिवऱ्याला जाऊन दुकानाचं शटर अर्धं वर करून बसतो. बोर्डावर 'रविवारी बंद' लिहिलंय. कोणी हवा भरायला थांबलं तर भरून देतो, पैसे घेत नाही, आणि चार टायरांना लागतो त्याच्या दुप्पट वेळ लावतो. गेल्या रविवारी एका पोराच्या लक्षात आलं. म्हणाला, काका, तो टायर तुम्ही दोनदा बघितलात. मी म्हटलं, चांगल्या गाड्या मी दोनदाच बघतो. तो हसला आणि गेला.

दुकानातली आणखी एक गोष्ट तुला शत्रुघ्नने सांगितली असेल, नसेल तर मी सांगतो. मी ओरडायचं सोडलंय. तुला माझी ख्याती माहीतच आहे. कोणी फ्लॅट टायरवर गाडी घासत आणली की मी टायर बाजूला ठेवायच्या आधी त्याला सोलायचो. टायरचा खून केलात, असं भर रस्त्यात म्हणायचो. थांबायला काय झालं होतं, जॅक काय पूजेला ठेवलाय? लोक माझ्या शिव्या खायला घाबरत आणि तरी माझ्याकडेच येत, आणि मला त्याचा माज होता. गेल्या महिन्यात एक माणूस आला, गाडीत बायको आणि तान्हं बाळ. मागचा टायर फाटून चिंध्या झालेला, रिमवर गाडी चालवत आणलेली. शत्रुघ्न पाना हातात धरून माझ्याकडे बघत उभा, आता स्फोट होणार म्हणून. मी त्या माणसाला म्हटलं, बरं केलंत, थांबला नाहीत ते. त्याच्या बायकोला आत पंख्याखाली बसवलं आणि चहा मागवला. संध्याकाळी शटर ओढताना शत्रुघ्न म्हणाला, शेठ, तब्येत बरी आहे ना?

बरी आहे. तब्येतीला काही झालेलं नाही. पण त्या दिवशी चर्चच्या आवारात मी तुला जे बोललो ते मला अजून ऐकू येतं. मम्मीला जाऊन महिना झाला म्हणून मिस्सा होती. तू आदल्या दिवशी एकटी महामार्गावर जाऊन मम्मीला अपघात झाला ती जागा बघून आली होतीस, मला माहीत नव्हतं. तू हळूच विचारलंस, पप्पा, पेट्रोलपंप तर समोरच दिसतो, मग तुम्ही वळणावर का थांबलात? तू आरोप केला नव्हतास गं, विचारलं होतंस. आणि मी सगळ्या नातेवाइकांसमोर तुझ्यावर भडकलो. तुला टायरमधलं काय कळतं, पुण्याहून येऊन मला अक्कल शिकवू नकोस, असं म्हणालो. तुझा चेहरा पांढरा पडला. संध्याकाळच्या गाडीने तू गेलीस, तुझं ताट वाढलेलं तसंच राहिलं. मी तुला अडवायला फाटकापर्यंतही आलो नाही. चुकलो, व्हिव्हियन. हे एक वाक्य लिहायला मला एवढे महिने लागले.

आता हे पत्र ज्यासाठी लिहितोय ते लिहितो. टायर फुटला नव्हता. पोलिसांना, फादरना, सालोमीला आणि तुला मी सांगितलं की टायर फुटला आणि गाडी इंचभर हलेना. खोटं होतं ते. पालघरचा बाप्तिस्मा आटोपून आम्ही येत होतो, दुपारचे साडेतीन झाले होते, लख्ख ऊन होतं. मागच्या डाव्या टायरला खिळा लागला, हवा उतरत गेली, गाडी ओढायला लागली तसं मला कळलं. पंप समोर दिसत होता. मम्मी म्हणाली, अँथनी, पंपापर्यंत चल, इथे गाड्या जोरात येतात. मी ऐकलं नाही. आठ दिवसांपूर्वी मीच घातलेला कोरा टायर होता. मी, अँथनी टायरवाला, फ्लॅटवर गाडी घासत नेऊ? लोकांना काय तोंड दाखवू? असं तिला म्हणालोसुद्धा, हसत. तिथेच बाजूला घेतली आणि वर नियम म्हणून तो धोक्याचा लाल त्रिकोण तिच्या हातात देऊन तिला वीस पावलं मागे ठेवायला पाठवलं. मी खाली बसून नट सोडवत होतो, माझी पाठ होती. टेम्पो मी पाहिलाच नाही. तू गेल्यावर मी स्कूटरने जाऊन ते अंतर पायी मोजलं, चारशे दहा पावलं. मग एके दिवशी गोखिवऱ्याच्या कारखान्यांमागच्या रिकाम्या रस्त्यावर तीच गाडी नेली, तसलाच टायर घातला, हवा पूर्ण काढली आणि तेवढंच अंतर हळूहळू चालवली. रिमला ओरखडासुद्धा आला नाही. फक्त टायर फेकावा लागला, एक टायर. आम्ही पोचलो असतो गं. हे मी फादरसमोर पापनिवेदनातही बोललेलो नाही, तुला पहिल्यांदा सांगतोय, कारण तू विचारलंस. टायरची माहिती तुला पुण्यात कोणीही दिली असती. तू मला का विचारलंस, वळणावरचाच प्रश्न पुन्हा का विचारलास, ते मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं आणि नऊ दिवस मी न कळल्याचं सोंग केलं. तर वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण उत्तर ते नाही. तू रन-फ्लॅट घे. कडक असतात, असू देत. कंबर दुखेल, दुखू दे. दिवा लागला की रस्त्यात थांबायचं नाही, खाली उतरायचं नाही, कोणी कितीही शहाणपणा शिकवला तरी चालवत राहायचं आणि जिथे माणसं असतील तिथे पोचायचं. टायर जाईल, जाऊ दे. हे वाचून माझं तोंड बघू नये असं वाटलं तर तो तुझा हक्क आहे, मी बोल लावणार नाही. पण मम्मी सांगत होती आणि मी तिचं ऐकलं नाही. एवढं एक तू माझं ऐक.

तुझाच, रागावलीस तरी तुझाच,
पप्पा