अण्णांशी बोलण्याची पूर्वतयारी

३ नोव्हेंबर, सोमवार
अण्णा मिरजेहून येऊन चार दिवस झाले. आज अलकाने किचनमध्ये बोलावून हळूच सांगितलं की वडिलांना आता तिकडे एकट्याने राहणं जमत नाहीये. बाथरूममध्ये दोनदा तोल गेला. कायमचं दिल्लीला येऊ का, हे त्यांना मला विचारायचंय. सुनेकडून उत्तर नको, मुलाकडूनच हवं. दहा मिनिटं द्या त्यांना, म्हणाली.

दहा काय, तासभर देईन! पण असल्या गोष्टी घाईघाईत बोलायच्या नसतात. गेल्याच आठवड्यात ऑफिसात माइंडफुलनेसचं वर्कशॉप झालं. मॅडम म्हणाल्या, माणूस समोर असेल तर मनही तिथेच हवं. बिल्कुल पटलं. आधी त्यांनी सांगितलेल्या पाच साध्या सवयी लावून घेतो, मग अण्णांशी बोलतो. ते सोळा तारखेपर्यंत आहेत. भरपूर वेळ आहे.

४ नोव्हेंबर, सकाळी ५.४०
सवय पहिली, दीर्घ श्वसन. बाल्कनीत बसलो. हवेचा एक्यूआय ३९०, म्हणजे नुसता धूर. तिसऱ्या श्वासाला असा ठसका लागला की अण्णा पाणी घेऊन धावत आले. धावत म्हणजे भिंत धरून. मग खुर्ची ओढून शेजारी बसले, घसा खाकरला. पण माझं सेशन चालू होतं. डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा खुर्ची रिकामी होती. बरं नाही वाटलं.

६ नोव्हेंबर
सवय दुसरी, सकाळचा चहा मौनात. अण्णांना कागदावर लिहून दाखवलं: 'मौन'. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मान हलवली. वीस मिनिटं समोरासमोर बसलो. काय शांतता होती! त्यांनाही आवडली असावी.
वैभवी म्हणाली, पापा, यार, आजोबा कब से वेट कर रहे हैं. बारावीतल्या मुलीला काय कळतंय. तिची एक खोली, आमची एक, अण्णा हॉलमधल्या दिवाणावर. कायमचं म्हणजे... असो. विचार येतात आणि जातात, त्यांच्यामागे धावायचं नसतं. इति मॅडम.

८ नोव्हेंबर
सवय तिसरी, संध्याकाळी फोन बंद. बंद ठेवला. टीव्हीवर मॅच होती.

९ नोव्हेंबर, रविवार
अण्णांना कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या सदनातल्या कँटीनमध्ये नेलं. प्लॅन पक्का होता: आपलं जेवण, निवांत टेबल, विषय काढून मोकळं व्हायचं. पण चौथी सवय आडवी आली. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. अण्णांचं थालीपीठ संपलं तेव्हा मी चौथ्या घासावर होतो. ते म्हणाले, अनुराग, एक विचारू का? मी बोट वर केलं. एकोणीस चालू होतं.

अण्णा थांबले. मग शेजारच्या टेबलावर सांगलीचे एक गृहस्थ भेटले, कुठल्याशा खात्यात काम घेऊन आलेले. अण्णांनी त्यांना सगळं सांगितलं. गॅस बंद केला का, ते बघायला रात्री तीनदा उठतो. पडलो तर आधी दूधवाल्याला कळेल, तेही सकाळी. मी प्रत्येक शब्द ऐकला. घास गिळेपर्यंत ते गृहस्थ निरोप घेऊन उठले होते आणि अण्णा म्हणाले, चल, घरी वाट बघत असतील.
गाडीत बोलता आलं असतं. ट्रॅफिक फार होतं.

११ नोव्हेंबर
फार अपराधी वाटतंय. पाचवी सवय नेमकी हीच: वाईट वाटलं तर दाबायचं नाही, त्याच्याकडे नुसतं बघायचं. ऑफिसात दिवसभर बघितलं. एक फाइल हलली नाही.

१३ नोव्हेंबर
मनाची तयारी ऐंशी टक्के. उद्या नक्की.

१४ नोव्हेंबर
अलकाने विचारलं, उत्तर काय देणार ते तरी ठरलंय का? मी म्हटलं, निर्णयाची घाई हे अस्वस्थ मनाचं लक्षण आहे. तिने कुकर जरा जोरात आपटला. माझं मन स्थिर राहिलं. प्रगती आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
निजामुद्दीनला अण्णांना गोवा एक्स्प्रेसमध्ये बसवलं. खालचा बर्थ मिळाला. सुटायला सात मिनिटं होती तेव्हा विचारलं, अण्णा, तुम्हाला काही बोलायचं होतं ना?
छे रे, म्हणाले, तसं काही नाही. भाडेकरू मुरलीधर रात्री बाहेरच्या खोलीत झोपायला येणार आहे. मीच काल फोन करून ठरवलं. तुझ्यामागे किती व्याप आहेत, ते बघतोच आहे. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, तुझा तो खोकला एकदा डॉक्टरला दाखव.
नका जाऊ, एवढंच म्हणायचं होतं. सात मिनिटं होती. मी म्हटलं, बरं. आणि खाली उतरलो.

घरी अलकाने विचारलं, बोललात? मी म्हटलं, त्यांनीच विषय टाळला. दिवाणावरची चादर काढून तिने धुवायला टाकली.

हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. गाडी नजरेआड झाल्यावर रडू आलं, हे खरं आहे. पण गाडी हलली तेव्हा, आधी, मला हायसं वाटलं होतं.