ग्रंथपालबाईंच्या अकरा रेघा

१२ फेब्रुवारी

आज पेन हातात धरता आलं म्हणून लिहितेय. उजवा घोटा तीन ठिकाणी मोडलाय – एक पट्टी, सात स्क्रू. समोरासमोर धडक! बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, गाडीला कधी ओरखडा नाही, आणि आता हे.

समोरचा गाडीवाला एका ट्रकला मागे टाकायच्या घाईत थेट आमच्या बाजूला घुसला. आमच्या गाडीच्या स्टिअरिंगवर ग्रंथपालबाई होत्या. वय त्रेपन्न, सातवा पाठ. मी शेजारी. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही ब्रेक असतो. तो मी मारला म्हणून दोघी जिवंत आहोत. बाईंना नुसता मुका मार. एवढं छाती ठोकून सांगते!

१५ फेब्रुवारी

समोरच्याच्या विमा कंपनीचा माणूस येऊन गेला. हातात फळांची करंडी, तोंडात साखर. मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं – गुळगुळीत. "मॅडम, हॉस्पिटलचा खर्च लगेच देतो. कोर्टाच्या भानगडीत कशाला पडता?" आणि एका कागदावर सही हवी.

निघण्याआधी आरसे बघा, असं मी रोज घसा फोडून सांगते. म्हणून कागद उलटून बघितला. मागे बारीक अक्षरात – यापुढे कसलाही दावा करणार नाही! पायाची सूज उतरायच्या आत हक्क सोडून मोकळं व्हायचं!

हे म्हणाले, "अगं, करून टाक सही. डोक्याला ताप नको." दिवसभर दुकानात घड्याळं दुरुस्त करतात, त्यांना सगळं टिकटिक वेळेवर लागतं. मी सही केली नाही. करंडी परत पाठवली. द्राक्षं तेवढी आधीच खाऊन झाली होती.

१ मार्च

डॉक्टर म्हणाले, "चालाल तुम्ही. पण पेडलवर जोर द्यायचं विसरा."

म्हणजे शाळा बंद. एक खोली, एक गाडी आणि माझा एक पाय – एवढीच तर शाळा! खूप रडले.

४ मार्च

वकीलबाई भेटल्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, बोलणं सुरीसारखं. "नुसता औषधांचा खर्च नाही मागायचा, ताई. बुडालेली कमाई, पुढे बुडणार ती कमाई, भोगलेला त्रास – सगळा तुमचा हक्क आहे. ग्रंथपालबाईंचाही दावा सोबत लावू. भीक मागायला चाललो नाही आपण."

किती दिवसांनी पाठ ताठ झाली!

१९ मार्च

विमा कंपनीचं उत्तर आलं. कपाळाला हात लावून बसलेय.

म्हणे शिकाऊ बाईच रस्त्यामधली रेघ ओलांडून आल्या, आणि त्यांनी स्वतः कबूल केलंय. पोलिसांच्या टिपणात लिहिलंय – 'चालक महिला पुन्हा पुन्हा "माझी चूक, माझी चूक" असे म्हणत होती.' दोष आमच्या गाडीवर आला की दावा गेलाच म्हणायचं.

आणि हे सगळं माझंच कर्तृत्व! माझ्या शाळेचा पहिला नियम – चूक झाली की मोठ्याने "माझी चूक" म्हणायचं आणि पुढे जायचं. रडायचं नाही, सबबी सांगायच्या नाहीत. दर वेळी मी कार्डावर एक रेघ मारते. रेघा कमी झाल्या की परीक्षेला पाठवते. ग्रंथपालबाई तर अशा की आभाळ कोसळलं तरी आधी हेच म्हणतील. कोसळलं, आणि त्या म्हणाल्या!

२० मार्च

ग्रंथपालबाई आल्या. डोळे सुजलेले. "मॅडम, मी लिहून देते. दोष माझाच. समोर गाडी आली आणि मी गोठले. पुढचं काही आठवतसुद्धा नाही. तुम्ही नसतात तर…" परत जन्मात स्टिअरिंगला हात लावणार नाही म्हणाल्या.

मी ओरडलेच. "खबरदार कुठे सही केलीत तर! तो आला आपल्या अंगावर, आपण नाही गेलो!" मग दोघी रडलो. ह्यांनी चहा केला, त्यात साखर विसरले.

६ एप्रिल

कार्ड! त्या दिवशीचं कार्ड गाडीतच राहिलंय! आंघोळ करताना आठवलं, तशीच कुबड्या घेऊन निघाले.

गॅरेजच्या मागच्या आवारात गाडी – बघवत नव्हती. गॅरेजवाला म्हणाला, "बरं झालं आलात. तो विमावाला साहेब फळांची करंडी घेऊन दोनदा येऊन गेला, भंगारात काढा म्हणून. मी म्हटलं, गाडी मॅडमची, त्या सांगतील तेव्हा." असा माणूस! त्याने पहार घालून दार उघडलं. कार्ड सीटखाली होतं. तारीख, सुरू केल्याची वेळ, ग्रंथपालबाईंची सही. आणि माझ्या हातच्या अकरा रेघा.

अकरा! धडकेच्या आधीच अकरा!

१४ ऑक्टोबर

तारीख. पुढची तारीख. तिच्या पुढची तारीख.

८ जानेवारी

आजचा दिवस जन्मभर पुरेल.

कंपनीच्या वकिलाने ग्रंथपालबाईंना विचारलं, "माझी चूक म्हणालात की नाही?"

"म्हणाले."

मग आमच्या वकीलबाई उठल्या, कार्ड पुढे केलं. "त्या सकाळी एकूण किती वेळा म्हणालात?"

"धडकेच्या आधी अकरा वेळा."

"कशाकशासाठी?"

आणि बाई सांगू लागल्या, पुस्तकांची यादी वाचावी तशा! हॉर्न वाजवला म्हणून. मग हॉर्न वाजवला नाही म्हणून. वायपर लागले म्हणून. मांजर आडवं गेलं म्हणून. "आणि एकदा मॅडमना शिंक आली तेव्हा." न्यायाधीशबाईंनी तोंडावर फाइल धरली.

त्यानंतर माझे जुने विद्यार्थी. बसचा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, घरी भांडण झालं तरी मी हेच म्हणतो. म्हणून संसार टिकला." सगळं कोर्ट हसलं. गुळगुळीत मात्र जमिनीकडे बघत होता.

मला विचारलं, ब्रेक कोणी मारला? म्हटलं, "मीच मारला असणार. गोठलेला माणूस ब्रेक मारत नाही." वकीलबाईंनी लगेच पोलिसांचा नकाशा दाखवला – टायर घासल्याची खूण आमच्याच बाजूला, सरळ. रेघ ओलांडलेली नाही, एक वीतसुद्धा नाही!

२ फेब्रुवारी

जिंकलो!!

पूर्ण दोष समोरच्याचा. 'सवयीने उच्चारलेले शब्द म्हणजे कबुली नव्हे' – न्यायाधीशबाईंनी हे वाचलं तेव्हा मी कुबडी सोडून उभी राहिले, आणि पडले नाही. पुढची बुडणारी कमाईसुद्धा धरली. शाळा चालू राहणार! नवी गाडी घ्यायची, आणि माझ्या पायाच्या जागी पगारी शिक्षक ठेवायचा. हे दुकान बंद करून आले होते. भर दुपारी! जिन्यावर म्हणाले, "बरं झालं, तू माझं ऐकलं नाहीस." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हे वाक्य आज पहिल्यांदा ऐकलं.

ग्रंथपालबाई सगळ्यांचे आभार मानत होत्या. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "तुम्ही वाचवलंत." गाडी शिकायला या म्हटलं, तर मान हलवली. नको म्हणजे नको. जिंकूनही त्यांच्या मनातून ते जातच नाही.

९ फेब्रुवारी

वकीलबाईंनी फाइल परत दिली. लावून ठेवताना आज प्रथमच हॉस्पिटलचे कागद नीट वाचले, दोघींचेही. माझ्या कागदावर लिहिलंय – पाय मागे ओढलेला, सीटखालच्या पट्टीत अडकून घोटा मोडला. ग्रंथपालबाईंच्यावर – उजव्या तळव्याला पेडलचा चौकोनी वळ.

गोठले ती मी. ब्रेक त्यांनी मारला.

तसाच त्यांना फोन लावला आणि वाचून दाखवलं, दोनदा. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "मॅडम, आठवा पाठ कधी घ्यायचा?"