सोळा ढिगांतले दोन

मी रामकलीबाई, बेवा रूपलाल हरिणखेडे, वय अंदाजे सहासष्ट, धंदा शेती, राहणार मौजा कोसमटोला, तहसील गोंदिया, जिल्हा भंडारा, राज्य मुंबई, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहवून घेत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही; दाखवणाऱ्याला मी ओसरीवर बसूही दिले नसते. लिहिणारे दुलीचंद अर्जनवीस गोंदियाच्या कचेरीपुढे बसतात. त्यांनी मध्ये मध्ये "सबब" आणि "सदरहू" घातले आहे ते त्यांचे, बाकी शब्द माझे.

यजमान रूपलाल यांनी हयातीतच घर आणि जमीन माझ्या नावे करून दिली होती. नव्या वारसा कायद्याने तर बाईमाणूस आपल्या मालमत्तेची पूर्ण मालकीण झाली आहे, असे दुलीचंद सांगतात. सबब, कोणाला काय द्यायचे हे ठरवण्याचा हक्क माझा आहे. मला मुलगा एक, रामलाल, आणि मुलगी एक, मुन्नीबाई. मुन्नीबाई गोरेगावला दिली आहे.

कलम पहिले. राहते घर, बैलजोडी, बंडी, धानाची कोठी आणि दोन दुभत्या म्हशी रामलालला. सून धुरपता हिला माझी चांदीची सरी आणि पाटल्या. तिने माझ्या गुडघ्यांना दोन हिवाळे तेल चोळले आणि एकदाही तोंड वाकडे केले नाही.

कलम दुसरे. जाऊबाईंनी मुन्नीच्या लग्नात नेलेला पितळी गंज अजून त्यांच्याच घरी आहे. तो मागू नये. त्यांच्या घरी जेवायला गेले की त्याच गंजातले वरण वाढतात, तेवढे लक्षात ठेवावे.

कलम तिसरे. यजमानांचे घोड्याचे खोगीर सुखरामला द्यावे. सुखराम गोंदियाच्या स्टेशनवर टांगा हाकतो. खोगीर जुने आहे, पण त्याला घोड्याची कदर आहे. त्याच्यावरचा माझा राग पुढच्या कलमात येतो, तो खोगिराला लावू नये.

कलम चौथे. तलावाच्या पाळीलगतची साडेचार एकर पडीत जमीन, जिथे संक्रांतीच्या जत्रेत घोडे पळतात, ती मुन्नीबाईला. या कलमावर घरात वाद होणार, म्हणून कारण सविस्तर लिहवते. दुलीचंद म्हणाले, "बाई, डाव लावण्याची गोष्ट मृत्युपत्रात नको, उद्या पोलीस विचारतील." मी म्हटले, पोलीस दर वर्षी जत्रेत येऊन शेव-चिवडा खाऊन जातात, त्यांना माहीत आहे. लिहा.

पद्धत अशी. संक्रांतीला गोंदिया, आमगावकडचे टांगेवाले आपले घोडे घेऊन येतात. ज्याचा ज्या घोड्यावर भरवसा, त्यावर तो पैसे लावतो. सगळ्यांचे पैसे एका गुंडात, म्हणजे पाण्याच्या पितळी घागरीत, जमतात. जो घोडा जिंकला, त्यावर लावणाऱ्यांत ते पैसे वाटून देतात. पण वाटण्याआधी रुपयामागे दोन आणे कापले जातात. त्यातून घोड्यांची वैरण, रात्री दंडारीचा खेळ करणाऱ्यांची बिदागी, पाण्याचे रांजण आणि तलावाच्या पाळीची डागडुजी होते. उरले तर आमच्या घरात येतात. तेही लपवण्यासारखे नाही.

यजमानांच्या काळात हे दोन आणे कोणालाच सांगितलेले नव्हते. अकरा वर्षांपूर्वी सुखरामने आपल्याच लंगड्या घोडीवर डाव लावला. दुसऱ्या कोणी तिच्यावर छदामही लावला नव्हता, आणि ती घोडी जिंकली. गुंडात एकशे साठ जमले होते हे सगळ्यांनी पाहिले होते. सुखराम घोडीला फिरवत होता, म्हणून पैसे आणायला त्याने आपला भागीदार बकाराम याला पाठवले. बकारामने एकशे चाळीस आणून दिले.

सुखरामने भर जत्रेत त्याला चोर म्हटले, थप्पड मारली, धोतराची गाठ सोडून झडती घेतली. बकाराम एवढेच म्हणत राहिला, "जेवढे देल्ले तेवढे आनलो." यजमान गुंडाजवळच बसून होते. ते बोलले नाहीत. बकाराम त्याच आठवड्यात बायको-पोरांना घेऊन दरेकशाकडे गेला.

रात्री जेवायला वाढताना मला यजमानांकडून खरे कळले, की ते वीस रुपये त्यांनीच आधी कापले होते. मी यजमानांना विचारले, "मंग तवा सांगतले काऊन नाही?" ते म्हणाले, "कापतो म्हून सांगतलो तं लोक डाव कायले लावतीन?" मी ताट वाढून आत गेले. माझे यजमान वाईट माणूस नव्हते. पण त्या दिवशी मला त्यांची फार लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

धान गिरणीत नेले की गिरणीवाला आधी सांगतो, कोंडा किती धरणार, तांदूळ किती देणार. पटले तर पोते उतरवावे, नाहीतर बंडी वळवावी. मग घोड्यावर लावलेल्या रुपयाने काय पाप केले आहे? पुढच्या संक्रांतीला मी स्वतः धानाचे सूप घेऊन मैदानात बसले. लोकांना लिहिता-वाचता येत नाही, पाटी लावून उपयोग नव्हता. चटईवर ओंजळ-ओंजळ धानाचे सोळा ढीग मांडले, एक ढीग म्हणजे एक आणा. सगळ्यांदेखत त्यातले दोन उचलून सुपात टाकले आणि डफडेवाल्याकडून पुकारा करवला की हे दोन जत्रेचे, चौदा तुमचे, मंजूर असेल त्यानेच लावा. यजमान घरी डोक्यावर पांघरूण घेऊन पडले होते. त्या वर्षी पैसा कमी जमला. पुढच्या वर्षी पहिल्यासारखा जमला, आणि भांडण एकही झाले नाही.

यजमान वारल्यावरही मी हे चालू ठेवले. प्रत्येक धावेआधी सोळा ढीग, दोन सुपात. या वर्षी गुडघे वाकेनात, म्हणून सूप रामलालच्या हाती दिले आणि मी खाटेवर बसून पाहत होते. रामलालने चटईवर दहा ढीग मांडले. दहातले दोन उचलून सुपात टाकले. डफडे वाजले, "दोन जत्रेचे, बाकी तुमचे!" लोकांनी दर वर्षीप्रमाणे दोन ढीग उचललेले पाहिले आणि पैसे काढले.

मी त्याला जवळ बोलावून विचारले, "सहा ढीग कुठी गेले?"

"माय, आता रुपयात आणे कुठी रायले? शंभर नये पैसे झाले. म्हून दहाच ढीग मांडलो. दोनच तं काढलो ना!"

सोळातले दोन म्हणजे आठवा हिस्सा. दहातले दोन म्हणजे पाचवा. हे माझ्या पोराला कळत नाही असे नाही. तो सातवी पास आहे. नवा पैसा लोकांच्या अंगवळणी पडलेला नाही, तेवढ्यात हात मारून घ्यावा, हा त्याचा विचार. पुकाऱ्यात खोटा शब्द एकही नव्हता, म्हणूनच मला जास्त राग आला. शेजारी उभा असलेला सुखराम मलाच समजावू लागला, "बाई, दो तो दो ही है, फिर झगडा कायका?" ज्या माणसाने न दिसलेल्या वीस रुपयांसाठी मित्राला थप्पड मारली, त्याला डोळ्यांसमोरचे दिसत नव्हते.

मी काठी टेकत चटईपर्यंत गेले. सुपातले दोन परत ठेवून दहा ढीग पुरे केले, शेजारी आणखी सहा मांडले आणि आधी सोळांवर, मग दहांवर काठी फिरवत म्हणाले, "पयले दोन निघत होते ते एवढ्यातून. आज निघाले ते एवढ्यातून. ज्याले चालत असन त्यानं लावा, नाहीतं आपला पैसा वापस घ्या." निम्म्या लोकांनी पैसे परत घेतले. रामलाल सूप तिथेच टाकून घरी निघून गेला. आज चार आठवडे झाले, तो माझ्याशी बोललेला नाही. धुरपतेच्या तोंडून निरोप येतात. मला याचे दुःख आहे आणि ते मी लपवत नाही. एकुलता मुलगा आहे.

सबब, मैदान मुन्नीबाईला. अट एकच. सोळा ढीग मांडून, किती कापणार हे आधी दाखवल्याशिवाय तिथे एकही घोडा पळू नये. दोनऐवजी तीन कापायचे असतील तर तीन कापावे, पण डाव लावण्याआधी दाखवावे. सूप ~~मुन्नीबाईस~~ रामलालास.

कलम पाचवे. माझी धानाची जमीन सोळा एकर आहे. ती रामलालची. पण त्यातले दोन एकर कापून मी बकाराम वलद सोमा, राहणार दरेकसा, याला देत आहे. यजमान बोलले असते तर त्याला गाव सोडावे लागले नसते. गावातल्या चैतरामला मी चौकशीला पाठवले होते. बकाराम जंगलखात्याच्या लाकडाच्या कामावर आहे, पाठ वाकली आहे. माझा निरोप ऐकून म्हणाला, "आता कायले?" उशीर झाला हे खरे, तरी जमीन द्यायचीच. त्याला इथे येऊन कसायची नसेल तर रामलालने ती विकत घ्यावी आणि भाव गावासमोर ठरवावा. सुखरामने दरेकशाला जाऊन बकारामचे पाय धरावे. न गेल्यास खोगीर त्याला देऊ नये.

कलम सहावे. हे मृत्युपत्र माझ्या मरणानंतर उघडायचे नाही. दुलीचंद म्हणाले, रिवाज तसा नाही. मी म्हटले, कापायचे ते आधी सांगूनच. म्हणून आज रामलालला ओसरीवर बसवून, साक्षीदारांसमोर, पहिल्यापासून पाचव्या कलमापर्यंत सगळे मोठ्याने वाचून दाखवले.

वाचून झाल्यावर जे घडले तेही लिहावे असे मी सांगितले. रामलाल उठून आत गेला. मला वाटले, मागच्या दाराने शेतावर गेला. पण तो कोठीतून सूपभर धान घेऊन आला. माझ्यापुढे ओसरीवर ढीग मांडू लागला. मांडून झाल्यावर त्यातले दोन उचलून सुपात टाकले आणि म्हणाला, "हे बकारामचे. मोजून घे, माय. मंग सही कर."

मी मोजले. उरलेले चौदा होते.

मैदान आणि दोन एकर यांबाबत काही बदललेले नाही. चौथ्या कलमात सुपापुढे मुन्नीबाईचे नाव होते, ते खोडून रामलालचे घातले आहे. खाडाखोड माझ्या सांगण्यावरून, माझ्यासमोर झाली आहे, आणि तिच्याशेजारी माझी सही आहे.

मुक्काम कोसमटोला, गुरुवार, दिनांक १२ फेब्रुवारी १९५९.

सही: रामकलीबाई बेवा रूपलाल हरिणखेडे

आम्हां दोघांसमोर बाईंनी वाचन ऐकून, समजून सही केली:
१. केशोराव टेंभरे, शाळामास्तर, कोसमटोला
२. चैतराम वलद भैयाजी, शेतकरी, कोसमटोला (निशाणी अंगठा)

लिहिणार: दुलीचंद, अर्जनवीस, गोंदिया