पुढची दोरी की मागची

नवागाम, सुरत
रविवार, दुपार

तीर्थरूप उषाताई आणि दाजी यांच्या पायांवर भटूचा दंडवत. (तोंडी दंडवत. गुडघा वाकत नाही, राग मानू नये.) दाजींचा खोकला, तुझी साखर आणि म्हशीचं दूध, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. फोन केला असता, पण आमची खोली केवढी ते तू पाहिलंयस. मी हॅलो म्हटलं की तुझी भावजय रंजना कान देते, आणि भिंतीपलीकडची मालतीबाई मिक्सर बंद करते. हे पत्र आमच्या कारखान्यातल्या पंडितचा भाऊ अमळनेरला येतोय त्याच्या हाती देतोय.

श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीत माझा पाय मुरगळला, एवढंच तुला कळवलं होतं. खरं असं की मी रंजनाशी फुगडी खेळत होतो. बेचाळीस वर्षांचा बाप्या, बँडपुढे, अर्धं नवागाम बघतंय, आणि गुडघ्यातून आवाज आला काट्‌कन. रंजना "काय व्हयनं?" म्हणून ओरडली आणि मी रस्त्यावर बसलो तो बसलोच. तीन महिने तेल, शेक, लेप, पट्टी, सगळं झालं. मोठ्या दवाखान्यात मशिनीत घालून फोटो काढला तेव्हा कळलं की गुडघ्याच्या आतली दोरी तुटली आहे. मी डॉक्टरांना म्हटलं, साहेब, आमच्या कापड विणायच्या संच्यावर ताण्याचा धागा तुटला तर आम्ही गाठ मारून दोन मिनिटांत चालू करतो. ते म्हणाले, इथे गाठ बसत नाही, नवी दोरी घालावी लागते, आणि ती तुमच्याच पायातून काढावी लागते. म्हणजे सदरा फाटला तर ठिगळही त्याच सदऱ्याचं.

आता पुढचं ऐक, इथूनच माझी झोप उडाली. ही दोरी दोन ठिकाणांहून काढता येते, गुडघ्याच्या वाटीच्या पुढून नाहीतर मांडीच्या मागून. चांगली कुठली, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही चांगल्या, पण जास्त चांगली कुठली हेच आम्ही शोधतोय. अगं, एवढे शिकलेले, भिंतीवर पाच पाच सर्टिफिकिटं, आणि शोधतायत! त्यांच्याकडे हर्षदा म्हणून मुलगी आहे (आपल्याच पारोळ्याकडची, पण जन्म इथला, म्हणून मराठी बोलता बोलता गुजरातीत घसरते). तिनं समजावलं की निम्म्या लोकांना पुढची, निम्म्यांना मागची, मग दोन वर्षं दोघांचं बघत राहायचं. कोणाला कुठली ते डॉक्टरांनी ठरवायचं नाही, पेशंटनं नाही, बंद पाकिटात निघेल ती. मी मान हलवली. शिकलेलं माणूस बोलत असलं की माझी मान आपोआप हलते, तुला माहीत आहे. सहीपण केली.

पाकीट फुटलं. मला पुढची. शेजारच्या बाकावर आमच्याच खात्यातला पंडित होता (तो मोटरसायकलवरून पडलेला, इज्जतीत पडलेला), त्याला मागची. आणि ताई, मला पुढची नकोच होती. हर्षदानं आधीच सांगितलेलं की पुढून काढली तर काहींना गुडघे टेकताना बरेच दिवस दुखतं. मी बारा संचे बघतो. संच्याखाली शिरायचं तर गुडघे टेकावेच लागतात, दिवसातून वीस वेळा. ते जमलं नाही तर खात्याचा मास्तर दुसरा माणूस बघेल, मग मी काय करू? पण हे तोंडावर सांगायची लाज वाटली. सही केल्यावर माघार कशी घ्यायची? पंडितला सांगितलं, तर तो म्हणाला, त्यात काय भो, पाळी बदलतो तसं बदलून टाकू. आमच्यात हे रोजचंच आहे, मी तुझी रात्रपाळी करतो, तू माझी दिवसपाळी कर, संचे चालू असले की मास्तर विचारत नाही. त्याला गुडघे टेकायचं काम नव्हतं, तो कापड तपासायच्या टेबलाशी उभा असतो. पाकिटातला कागद फायलीला टाचलेला होता, तो काही निघेना, म्हणून आम्ही फायलीच बदलल्या.

हर्षदानं पंडित म्हणून हाक मारली आणि मी उठलो. तिनं फाईल बघितली, माझी लंगडी चाल बघितली, आणि विचारलं, काका, कुठला पाय? मी म्हटलं, फायलीत असेल तो. फायलीत उजवा होता. माझा डावा. ती पोरगी पांढरीफटक पडून खुर्चीत बसली, आणि मला उभ्या जागी घाम फुटला. धडका पायच गेला असता की! मला वाटलं आता हाकलणार, पोलिसात देणार. ती एवढंच म्हणाली, "काका, नाही म्हणायची सोय आहे. सही केल्यावरसुद्धा आहे. अदलाबदलीची नाही."

मग मी डॉक्टरांपुढे घडाघडा सगळं सांगितलं, संचे, गुडघे, मास्तर. ते रागावले, मग हसले, मग बराच वेळ विचारत बसले. मला त्या अभ्यासातून काढलं, पंडितला त्याच्याच फायलीत ठेवलं, आणि माझी मागूनच दोरी घ्यायचं ठरलं. गुरुवारी ऑपरेशन. मनासारखं झालं, काळजीचं काही कारण नाही.

तुझा धाकटा भाऊ,
भटू

ता. क. फुगडीचं दाजींना सांगू नको.

ता. क. दुसरा. मनासारखं झालं तरी उडालेली झोप काही परत आली नाही. म्हणजे भीती पुढच्या-मागच्याची नव्हतीच. रंजनापुढे मी रोज हसतो, कारण फुगडीत माझा हात तिच्या हातातून सुटला म्हणून ती स्वतःलाच दोष देते. मला फार भीती वाटते ताई.

ता. क. तिसरा. दवाखान्याच्या कागदावर 'बाहेर कोण बसणार' असा रकाना होता. त्यात मी तुझं नाव लिहून आलोय. विचारलं नाही, माफ कर. गुरुवारी सकाळी सातला आत नेतात.