आईचा हॉर्न

प्रिय मॅरियनताईस, धाकट्या भावाचा रागातला पण मनापासून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? भावजींच्या मेंढ्यांची लोकर कातरून झाली का? मी मजेत आहे असं लिहायची पद्धत आहे, पण मी मजेत नाही, आणि त्याला जबाबदार आपली आई आहे.

तुला ठाऊकच आहे, बावीस वर्षं मी गुरम क्रीककडून फुटबॉल खेळलो, तेही बचावाच्या कोपऱ्यात. (दोन बरगड्या, एक दात आणि सगळं तरुणपण त्या मैदानावर ठेवलं.) एवढ्या काळात मधल्या दोन खांबांतून चेंडू जाऊन माझा गोल झाला फक्त एकदा. आपला गोल झाला की आपल्या सगळ्याच गाड्या हॉर्न वाजवतात, पण त्या दिवशी मैदानाकडेला लावलेल्या गाडीत बसून आईने तो एवढा वेळ दाबून धरला की बॅटरी उतरली आणि बाबांना ट्रॅक्टर आणावा लागला. ते आठवलं की अजून छाती फुगते. आता तीन वर्षं मी प्रशिक्षक आहे. यंदा ओळीने आठ सामने हरलो, समितीतले लोक मला बघून रस्ता बदलतात, तरी म्हटलं, गावात एक हॉर्न तरी आपला आहे.

तर गेल्या शनिवारी मिरलॉकवाल्यांनी गोल मारला आणि आपल्या आईने हॉर्न वाजवला. एकदा नाही, पाच गोलांना पाचदा. आमच्या बाजूची गाड्यांची अख्खी रांग गप्प, आणि मधोमध हिची पांढरी गाडी बोंबलतेय. (ती गाडीसुद्धा हल्ली शेजारचा ग्लेन आणून लावतो. हिला म्हणे चालवायचा कंटाळा येतो.) त्यांचा प्रशिक्षक डॅरिल, माझी बरगडी मोडणारा तोच, टोपी काढून तिला नमस्कार करून आला. मध्यंतरात पोरांना समजवायचं सोडून मी तिच्या खिडकीशी गेलो आणि चारचौघांत नको ते बोललो. ती शांतपणे म्हणाली, "गोल झाला, मी हॉर्न वाजवला. हल्ली तुमच्यात वाजवत नाहीत का?"

हे एकच असतं तर गिळलं असतं. पण थंडीसाठी तिने मला लोकरीची टोपी विणली ती हिरवी, थेट मिरलॉकच्या रंगाची. आपला निळा रंग पन्नास वर्षं पाहतेय ती! रविवारी जेवायला बोलावलं आणि चहात साखरेऐवजी मीठ. मी काय ते ओळखलं. तिच्या लाडक्या ग्लेनला मी संघातून वगळलं, त्याचा हा सूड. मग मीही तिच्या हॉर्नची वायर काढून टाकली, आणि मला जराही वाईट वाटलेलं नाही.

तुझा,
क्लाइव्ह

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी तिच्याकडे जाऊन आलो. लोकरीचे दोन गुंडे, एक निळा, एक हिरवा, पुढ्यात ठेवले आणि निळा कुठला ते विचारलं. तिने दोन्ही हातात घेतले, खिडकीशी नेले, बराच वेळ धरले आणि म्हणाली, "तूच सांग ना." ताई, गोल झाल्यावर पंच पांढरे झेंडे हलवतो तेवढे तिला दिसतात, कुणासाठी हलले ते दिसत नाही. मोतीबिंदू असावा. माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायला तयार नाही (मी जे बोललो त्यानंतर मीही गेलो नसतो). तुझं ऐकेल. शुक्रवारी येऊन तिला घेऊन जा.

आणखी एक ता. क. वायर परत जोडली आहे. शनिवारी तिच्या शेजारी बस. आपला गोल झाला की तिला हळूच कोपर लाव. त्यांचा झाला आणि तिने वाजवला, तर वाजवू दे. मी हिरवी टोपी घालून उभा असेन. हसू नकोस.