उलटं मनगट

रविवार, १२ ऑक्टोबर २००८

चि. सरलेस,

आशीर्वाद पाठवते आहे. घे, नाहीतर परत टपालात टाक. पण आधी वाच. चौथी पास बाईने चार दिवस बसून लिहिलंय, निदान त्या कष्टांसाठी वाच.

इकडे सगळे बरे. तुझे गुडघे कसे आहेत? दसरा झाला. आपट्याचं पान इथे कुठलं, रेखाने मेपलची पानं वाटली. सोन्यापेक्षा पिवळी होती. खोटं सोनंच जास्त चमकतं.

जानेवारीत मी मिरजेला येतेय. तिकीट काढलंय. तुझ्या दारात उभी राहणार. तू दार उघडशील का, एवढंच विचारायला हे पत्र. फोनवर माझा आवाज ऐकलास की ठेवून देतेस, म्हणून लिहायची पाळी.

मी आता रेडमंडला रेखाकडे नसते. ती आणि जावई दोघं ऑफिसला, आणि दिवसभर पाऊस आणि मी एकमेकांची तोंडं बघत बसलेलो. जूनपासून नातीकडे, कादंबरीकडे राहते, डोंगरापलीकडे. तिची नोकरी काय, तर चिंपांझी सांभाळायचे. रेखा म्हणते, "एवढं शिकवलं आणि पोरगी माकडांची शी काढते!" मी म्हटलं, "तुझी मी काढली, तेव्हा मला कोणी डिग्री विचारली नव्हती."

माकड म्हटलं की कादंबरी चिडते. "आजी, मंकी नाही, एप आहेत." बरं बाई. शेपूट नसलेलं माकड.

पाच जणी आहेत. माणसांची औषधं टोचून बघायला तीस-तीस वर्षं पिंजऱ्यात ठेवलेल्या. आता म्हातारपणी सोडवून इथे आणल्यात, मरेपर्यंत राहायला. इथे कोणी टोचत नाही. खायचं, उन्हात बसायचं, भांडायचं. आपल्यापेक्षा बरं.

मी घरी बसून काय करू, म्हणून मीही जाते. सकाळी आठला फळं चिरायची. मग त्या पलीकडच्या खोलीत गेल्या की मधलं दार लावायचं, तेव्हाच आपण आत जायचं. ताकद अशी की हात खांद्यातून उपटतील. कादंबरी फरशी धुते, मी घोंगड्या. रोज संध्याकाळी जी ती आपलं अंथरूण नव्याने करते, घोंगड्या गोल रचून, कडा थोपटून. पेगी म्हणून एक आहे, चाळिशीची, कंबर धरलेली. तिला माझ्या दोन जुन्या साड्यांची गोधडी शिवून दिली. ती सगळ्यात वर ठेवते मेली, दुसरीला हात लावू देत नाही.

इथला पहिला नियम, दात दाखवून हसायचं नाही. त्यांच्यात दात दाखवले म्हणजे भ्यालो. बाकीच्यांना फार जड जातं, अमेरिकन माणूस हसल्याशिवाय पाणीही मागत नाही. माझी कवळी डब्यात असते, आणि मी हसते कधी? जावई म्हणाला, "आई, ह्या जॉबसाठी तुम्ही एकदम क्वालिफाइड आहात."

दुसरा नियम नमस्काराचा. बोटं आत मुडपायची आणि मनगट उलटं करून जाळीपाशी धरायचं. म्हणजे, बाई, माझ्या हातात काही नाही, चावायचं तर चाव. त्यांना वाटलं तर ओठ टेकवतात. नाही वाटलं तर पाठ फिरवतात.

ऑगस्टमध्ये पेगीच्या बैठकीला जखम झाली. एकाच अंगावर रेलून बसते ना दिवसभर. तिच्याकडे बघायचं काम माझं होतं. दहा दिवस मी रोज खायला दिलं, रोज घोंगडी बदलली, आणि मला दिसलं नाही. दिसलं तेव्हा रुपयाएवढं लाल मांस उघडं पडलेलं. डेब्रा म्हणून इथली मुख्य बाई आहे. ती आली, तिथे पाच माणसं उभी. मी मान खाली घालून उभी राहिले, आता ही मला सगळ्यांसमोर फाडणार. तिने मलम आणलं आणि काहीतरी बोलली. कादंबरीने सांगितलं, "आजी, ती म्हणते लवकर दिसलं ते बरं झालं."

लवकर कसलं, सरले! पण ती परकी बाई एवढंच बोलली.

हे लिहायला बसले नव्हते, पण आता आलंच आहे तर लिहिते. सहा वर्षं आईला तू उठवलंस, बसवलंस, धुतलंस. मी पुण्याहून वर्षातून दोनदा यायचे, आंबे घेऊन. आणि तेराव्याला पानं वाढलेली, सगळ्या बायका बसलेल्या, तेव्हा मी म्हणाले, "सरलेने आईला सडवली." तू विसरली असशील म्हणून लिहीत नाही. मी म्हणाले, हे माझ्या हाताने लिहायचं होतं.

माझ्या हाताखाली दहा दिवसांत एकीला जखम झाली, तीही हिंडती-फिरती. तुझ्या हाताखाली सहा वर्षं अंथरुणात पडून आईला एक झाली.

पेगीची भरून आली. काठीला कापूस बांधून मलम लावायचो, तीच जाळीला पाठ लावून बसायची. नवी कातडी गुलाबी आहे.

मागच्या मंगळवारी पेगीचं आणि त्यांच्यातल्याच रूबीचं भोपळ्यावरून भांडण लागलं. रूबी तिच्या कानाला चावली, रक्त आलं. केवढी बोंबाबोंब! मग दोघी दोन कोपऱ्यांत. कादंबरी वहीत वेळ लिहीत होती. थोड्या वेळाने रूबी आली आणि बोटं मुडपून मनगट पुढे धरून बसली. पेगीने बघितलंच नाही. रूबी हललीही नाही. शेवटी पेगीने ते मनगट ओढून तोंडाशी नेलं. मला वाटलं, आता तोडते. तर ओठ टेकवले, आणि रूबीच्या पाठीवरचे केस निवडायला बसली.

"अठरा मिनिटं," कादंबरी म्हणाली.

"एवढ्यात?" मी म्हटलं.

"आजी, हे लाँग आहे. नाहीतर ह्या पाच मिनिटांत करतात."

मी भोपळ्याच्या बिया गोळा करत बसले. आपल्याला सात वर्षं झाली.

कादंबरी म्हणते, सॉरी लिही. सॉरी इथे लोक शिंकले तरी म्हणतात, त्याला काय वजन? खाली पेन्सिलीने काढलंय तो बटाटा नाही. मी मनगट उलटं करून कागदावर ठेवलं आणि पोरीकडून भोवती रेघ मारून घेतली. जानेवारीत दारात हेच धरून उभी राहीन. अठरा मिनिटं लावलीस तरी चालेल, मी हलणार नाही.

कवळी घालून येईन. दात दिसले तर हसतेय समजू नकोस, भ्यालेय समज.

चावायचं असेल तर चाव. पण दार उघड.

मनगट पुढे धरून,
अक्का